पानगळीनंतरचा सह्याद्री

महाराष्ट्रातील डोंगरभटकंतीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि फेब्रुवारीत संपते, असे मानण्याची रीत आता रूढ झाली आहे. पावसाळ्यात धबधबे आणि धुके, भाद्रपदात सड्यांवरची फुले, थंडीत किल्ले आणि मुक्कामाच्या मोहिमा असा क्रम ठरून गेला असून, होळीची चाहूल लागताच पाठपिशव्या माळ्यावर जातात; चैत्र-वैशाखातला सह्याद्री म्हणजे वाळलेले गवत, तापलेला कातळ आणि आटलेली टाकी, एवढेच चित्र बहुतेकांच्या मनात असते. ते गवतापुरते खरे आहे. झाडांच्या बाजूने पाहिले, तर मात्र वर्षातील सर्वांत गजबजलेला काळ हाच असतो, कारण फुलणे, पालवणे, घरटी बांधणे आणि मध साठवणे ही जंगलातील बहुतेक मोठी कामे याच दिवसांत उरकली जातात. दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षाचे बेत आखले जात असल्याने, फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सह्याद्रीत कोठे चालावे आणि कसे चालावे, याचा विचार तेव्हाच करणे सोयीचे ठरते.

पंचांगात वसंत ऋतू चैत्र आणि वैशाख या दोन महिन्यांचा असतो, वसंत पंचमी मात्र त्याच्या कितीतरी आधी, माघ शुद्ध पंचमीला येते. आणि जंगलातील वसंत या दोन्हींना बांधलेला नसून तो झाडांच्या जातींनुसार टप्प्याटप्प्याने उलगडत जातो. कोकणतळातील आणि घाटाच्या पायथ्याशी असलेली पानझडी जंगले, म्हणजे कोरड्या महिन्यांत पाने टाकून देणाऱ्या वृक्षांची जंगले, आधी रंगतात. तेथे काटेसावर, पळस आणि पांगारा हे तिघे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. घाटमाथ्यावरची सदाहरित आणि निमसदाहरित राने त्यानंतर, मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये फुलावर येतात, आणि एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस पुन्हा खालच्या उतारांवर लोंबू लागतात. ‘वसंतात कोठे जावे’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे महिन्यागणिक बदलते, आणि किल्ल्याच्या नावावरून ठिकाण ठरवण्यापेक्षा झाडाच्या नावावरून ठरवणे या ऋतूत अधिक फलदायी होते.

पाण्याची सर्वाधिक टंचाई असतानाच झाडे फुलतात, ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते, परंतु तिच्यामागे नेमके व्यवहार आहेत. पाने गळल्यावर झाडाच्या अंगातून होणारे बाष्पीभवन जवळजवळ थांबते, खोडात आणि खोल मुळांत साठलेले पाणी फुलांसाठी मोकळे होते, आणि पानांचा आडोसा नसल्याने फूल लांबून दिसते. पळसाचे फूल हाताशी घेऊन पाहिले की ही रचना ध्यानात येते. काळपट मखमली पेल्यातून, म्हणजे फुलाच्या तळाशी असलेल्या पुष्पकोशातून, केशरी पाकळ्या बाहेर पडतात. त्यांपैकी खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते आणि तिच्याच पोटात केसर दडलेले असतात. मध तळाशी असल्यामुळे तो पिणाऱ्या पक्ष्याला चोच आत घालावी लागते, आणि त्या धडपडीत पराग त्याच्या डोक्या-मानेला चिकटून पुढच्या झाडावर जातात. सूर्यपक्षी, साळुंक्या, कोतवाल आणि बुलबुल यांची पळसावर दिवसभर वर्दळ असते ती याच कारणाने. मध्य आशियाकडून हिवाळ्यात आलेल्या भोरड्या, ज्यांना पळसमैना असेही म्हणतात, एप्रिलच्या सुमारास परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी पळस-सावरीच्या झाडांवर थव्यांनी उतरतात. नव्या पालवीचा लाल रंगही असाच कामाचा आहे. कुसुम या वृक्षाची मार्चमधील पालवी इतकी तांबडी असते की दुरून ती फुलेच वाटतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरते तयार होईपर्यंत हे लाल रंगद्रव्य उन्हापासून आणि काही प्रमाणात किड्यांपासूनही पानाचे रक्षण करते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

या पहिल्या टप्प्यासाठी, म्हणजे महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंत, घाटाच्या पश्चिम बाजूच्या वाटा निवडाव्यात, आणि त्यामागचे कारण सह्याद्रीच्या घडणीत आहे. हा डोंगर पूर्वेकडे सावकाश उतरत जातो, तर पश्चिमेकडे कोकणात एकदम कडा टाकतो. त्यामुळे सूर्य कड्याच्या पाठीमागून उगवतो आणि कोकणातून वर चढणाऱ्या वाटा सकाळी बराच वेळ सावलीत राहतात. हीच वाट दुपारी तीन वाजता भट्टी होते. पहाटे पायथा सोडून ऊन अंगावर येण्याआधी माथा गाठणे, दुपार माथ्यावरच्या रानात किंवा लेण्यात काढणे आणि उन्हे कलल्यावर देशाकडच्या बाजूने उतरणे, हा क्रम जुन्या काळी घाट ओलांडणाऱ्या तांड्यांनाही सोयीचा असला पाहिजे.

नाणेघाट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. मुरबाड-माळशेज रस्त्यावरील वैशाखरे गावाजवळून ही वाट सुरू होते, पायथ्याच्या जंगलातून वर चढते आणि माथ्याजवळच्या सातवाहनकालीन लेण्यापाशी पोहोचते. सातवाहन राणी नागणिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख याच लेण्यात असून, कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणाऱ्या मालावर येथे जकात घेतली जात असे, अशी परंपरा आहे. माथ्यावरचा दगडी रांजण त्याची खूण म्हणून दाखवला जातो. पावसाळ्यात येथे येणारी गर्दी बहुधा धुक्यात उभी राहून परत जाते. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र हवा स्वच्छ असेल तर लेण्यासमोरून कोकणतळ उघडा दिसतो, आणि त्याच्या तपकिरी पटावर पळस व सावरीची झाडे एकेक करून मोजता येतात. वाटेच्या कडेला धायटीची झुडपे या दिवसांत तांबड्या नळीदार फुलांनी भरलेली असतात. उघड्या, खडकाळ उतारांवर गणेर, ज्याला सोनसावर असेही म्हणतात, निष्पर्ण फांद्यांच्या टोकांवर मोठी पिवळीधमक फुले घेऊन उभा असतो. पिवळ्या फुलांच्या झाडांत याच्या तोडीचे झाड सह्याद्रीत क्वचितच असेल.

याच काळात उत्तर कोकणातील जव्हार-मोखाड्याचे पठार आवर्जून पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये तेथे मोहाचा हंगाम असतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळू लागतात. फिकट पिवळसर, मांसल आणि रसाने भरलेले हे फूल बोटांत धरले की चिकट लागते आणि त्याचा गोडसर उग्र वास हाताला बराच वेळ राहतो. आदिवासी कुटुंबे उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली येतात, फुले वेचून उन्हात वाळवतात, आणि वर्षभराच्या अन्नात, औषधात व दारूत ती वापरतात. अनेक ठिकाणी झाडे वंशपरंपरेने विशिष्ट कुटुंबांकडे असतात, त्यामुळे पडलेली फुले रानातली म्हणून कोणीही उचलावीत असा समज करून घेऊ नये. विदर्भातील मेळघाट, गोंदिया आणि गडचिरोलीच्या रानांत हा हंगाम आणखी मोठ्या प्रमाणावर दिसतो, परंतु तेथील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रात पायी फिरण्याला मनाई असल्यामुळे भटकंती चिखलदरा आणि गाविलगडाच्या परिसरापुरतीच ठेवावी लागते. अस्वलालाही मोहाची फुले अतिशय प्रिय असल्याने त्या भागात पहाटे एकट्याने हिंडू नये.

एप्रिल उजाडला की माथ्यावरच्या सदाहरित रानांकडे वळावे. येथे सावली अखंड असते, हवा खालच्यापेक्षा काही अंशांनी थंड असते आणि फुलांचा बहर नुकता सुरू झालेला असतो. माथेरान, भीमाशंकर आणि महाबळेश्वर ही तिन्ही नावे अतिपरिचयामुळे भटक्यांनी टाकून दिलेली आहेत, परंतु वसंताचा विचार करता यांच्याइतकी समृद्ध ठिकाणे थोडी आहेत. माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात; सुमारे 800 मीटर उंचीवरचे हे पठार रानवाटांनी विणलेले असून, गर्दी बाजारपेठेत आणि ठरावीक पॉइंटांवर साचते, वाटा बहुतांश मोकळ्या राहतात. पनवेलजवळच्या धोदाणी गावातून पश्चिम कड्याने वर येणारी वाट सकाळच्या सावलीत चढता येते.

या रानांतील वसंताचे मुख्य झाड अंजनी होय. वर्षभर हे झाड कोणाच्या लक्षात येत नाही; जाडसर, चकचकीत, गडद हिरवी पाने आणि वेडेवाकडे खोड एवढीच त्याची ओळख. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये मात्र त्याच्या फांद्यांच्या उघड्या भागांवर, पानांच्या खाली, निळ्या-जांभळ्या फुलांचे लहान लहान झुबके थेट सालीतून फुटल्यासारखे उगवतात. एकेक फूल मुगाच्या दाण्याहून फारसे मोठे नसते, पण फांदीच्या फांदी त्यांनी इतकी गच्च भरते की लाकडावर निळी लोकर गुंडाळल्याचा भास होतो, आणि जवळ गेल्यावर मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते. निळा रंग आपल्याकडच्या वृक्षांच्या फुलांत विरळाच, त्यामुळे अंजनीचा बहर पाहण्यासाठी एक वेगळी फेरी काढावी, इतकी त्याची योग्यता आहे. बहर थोडक्या दिवसांत ओसरतो आणि दरवर्षी सारख्याच जोमाचा नसतो.

महाबळेश्वरचे रान अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांच्या सोबतीने बनलेले आहे, असे वनस्पतिशास्त्रीय वर्णनांत सांगितले जाते. वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही तेथील झाडे खुजी राहतात, कारण माथ्यावर मातीचा थर पातळ आहे आणि वारा जोराचा. मात्र याच माथ्यावर जांभा दगडाचे आवरण आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या घट्ट कातळापाशी अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून आजूबाजूचे ओढे आटल्यावरही काही झरे उन्हाळाभर वाहत राहतात. जांभूळ, हिरडा आणि गेळा यांच्या बहरामुळे येथील मधाचा मोठा हंगामही याच दिवसांत येतो. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव 2022 मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ते या परंपरेच्या बळावर. पॉइंट टाळून चालायचे असेल तर जावळीच्या खोऱ्यात उतरावे. पार गावातील शिवकालीन पूल पाहून तेथून प्रतापगडाकडे चढणारी जुनी वाट अर्ध्या दिवसात होते.

भीमाशंकरला कोकणातून, कर्जतजवळच्या खांडस गावातून, दोन वाटांनी जाता येते. शिडी घाट उभा आणि शिड्यांचा आहे, गणेश घाट लांबचा पण सोपा. वाळलेल्या गवतावर आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या निसरड्या उतारावर, पाय टिकत नसल्याने नवख्यांनी या ऋतूत गणेश घाटच निवडावा. दोन्ही वाटा पदरात, म्हणजे कड्याच्या मध्यावर असलेल्या सपाट टप्प्यात, एकत्र येतात. 1985 मध्ये जाहीर झालेले भीमाशंकर अभयारण्य मुख्यतः शेकरू या मोठ्या खारीसाठी राखलेले असून, शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. झाडांच्या शेंड्यांवर काटक्या-पानांचे त्याचे गोल घरटे या दिवसांत सहज ओळखू येते. थोडे उत्तरेला आहुपे गावाची देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेल्या अशा राईंचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात केला, तेव्हापासून त्यांचे शास्त्रीय मोल सर्वमान्य झाले. उघड्या माळावरून राईत पाऊल टाकताच हवेतील गारवा अंगाला जाणवतो. देवराईत शिरताना गावात विचारून जावे, आणि राईतून वाळकी काडीही बाहेर नेऊ नये, हा तेथील नियम पाहुण्यालाही लागू असतो.

दक्षिणेकडे कोयना आणि चांदोलीची राने आहेत. 2010 मध्ये त्यांचा मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर दोन्हींचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सर्वसामान्य भटक्याला या भागात चालता येते ते प्रामुख्याने वासोट्याला. बामणोलीहून शिवसागर जलाशय नावेने ओलांडावा लागतो, वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि गडावर मुक्काम करता येत नाही. हे निर्बंध जाचक वाटले तरी त्यांच्यामुळेच ही वाट आजही खऱ्या जंगलातून जाते. समुद्राजवळ राहणे पसंत असेल त्यांनी रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्य पाहावे. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे जुने शिकारीचे रान असून, तेथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये पक्षी आणि प्राणी या गाणींभोवतीच एकवटतात, म्हणून वाटेत गाण आली की दूर बसून वाट पाहणे हाच तेथला खरा कार्यक्रम.

वसंतातील पदभ्रमण हा शहरी छंद आहे असे समजण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्रात डोंगर चढण्याचा जुना आणि सर्वांत मोठा हंगाम चैत्राचाच आहे. खानदेशातून हजारो माणसे चैत्रोत्सवासाठी सप्तशृंगी गडावर पायी येतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर उंच सासनकाठ्या नाचतात. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवासाठी पाण्याच्या कावडी मुंगी घाटाच्या उभ्या चढाने, माणसांच्या साखळीच्या आधाराने, वर नेल्या जातात. या यात्रांचे मार्ग, त्यांवरचे मुक्काम, पाणपोया आणि सावलीची झाडे ही उन्हाळ्यात चालण्याच्या अनुभवातून साचलेली व्यवस्था आहे, आणि भटकंतीच्या पुस्तकांनी तिची नोंद अजून पुरेशी घेतलेली नाही.

पाणी हा या ऋतूतील पहिला प्रश्न होय. किल्ल्यांवरची टाकी कातळात खोदलेली असतात आणि त्यांतील खांबटाकी, म्हणजे छताला आधार देणारे खांब ठेवून डोंगराच्या पोटात कोरलेली टाकी, ऊन न लागल्यामुळे सर्वांत उशिरा आटतात. तरीही नकाशावर टाके दिसते म्हणून रिकाम्या बाटल्या घेऊन चढणे घातक आहे. माणशी किमान तीन ते चार लिटर पाणी पायथ्यापासूनच न्यावे आणि टाक्यातले पाणी गाळून, निर्जंतुक करूनच प्यावे. गावाच्या विहिरीवर मार्चनंतर बायाबापड्यांना दूरवरून हंडे वाहावे लागत असतील, तर तेथे हातपाय धुण्यासाठी पाणी मागू नये.

वणव्याचा धोका याहून गंभीर आहे. नव्या गवताच्या आशेने पेटवलेला माळ, मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखाली जाळलेला पाचोळा, भातरोपांसाठी शेतात भाजलेला राब आणि भटक्यांनी न विझवलेली चूल, यांपैकी कशानेही आग लागू शकते, आणि वाऱ्यासह चढावर ती माणसाच्या धावण्याहून वेगाने पसरते. तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 रोजी लागलेल्या वणव्यात 20 हून अधिक गिर्यारोहकांचा बळी गेला. मार्च 2023 मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यासह अनेक वनक्षेत्रांत आगी भडकल्या होत्या. फेब्रुवारीनंतर जंगलात कोणत्याही कारणासाठी काडी ओढू नये, शिजवलेले अन्न सोबत न्यावे, आणि दूरवर धूर दिसताच चढ सोडून उघड्या कातळाकडे किंवा वनखात्याने गवत काढून आखलेल्या जाळरेषेकडे वळावे.

आग्या मोहोळांच्या बाबतीतही हीच सावधगिरी लागते. कर्नाळ्याच्या सुळक्यासारख्या कड्यांवर या मोठ्या माश्यांची पोळी लटकलेली असतात; अत्तरे, धूर आणि आरडाओरडा यांनी त्या बिथरतात. त्या उठल्याच, तर तोंड झाकून शक्य तितक्या लवकर तेथून दूर जाणे हाच उपाय असतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या तालुक्यांत जानेवारी ते मे या काळात गोचिडांमधून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. त्या भागात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाचोळ्यात बसू नये आणि मेलेले माकड दिसल्यास त्याच्याजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

ज्या पक्ष्यांसाठी माणसे वसंतात रानात जातात, त्यांच्या विणीचा हाच काळ असतो, ही गोष्ट छायाचित्रकारांनी विशेष ध्यानात ठेवायला हवी. कोकणातील धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि केवळ चोच जाईल एवढी फट ठेवते. अंडी उबवण्याचा सारा काळ आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून फळे भरवतो. ढोलीसमोर माणसे थांबून राहिली तर नर जवळ येत नाही आणि आत बसलेली मादी व पिल्ले उपाशी राहतात. घरटे दिसले की एक नजर टाकून पुढे जावे.

या ऋतूत वाटाड्या घेणे हे पावसाळ्याहूनही आवश्यक असते, कारण पाचोळ्याने रानवाटा झाकून जातात आणि गुरे रानात कमी जात असल्याने ढोरवाटांच्या खुणाही पुसट होतात. कोणता झरा अजून जिवंत आहे, कोणत्या कड्यावर या वर्षी मोहोळ बसले आहे, आंबा-करवंदे कोठे पिकू लागली आहेत, हे पायथ्याच्या गावातील माणसालाच ठाऊक असते. गावकऱ्यांच्या दृष्टीनेही हा काळ रिकामा असतो. रब्बीची कामे आटोपलेली आणि पेरणीला अवकाश, अशा दिवसांत घाटमाथ्यावरची अनेक तरणी माणसे मजुरीसाठी शहरांकडे जातात. वाटाड्याची मजुरी आणि गावातल्या घरी घेतलेल्या जेवणाचे पैसे पावसाळी शनिवार-रविवारांपुरते न राहता चैत्र-वैशाखातही मिळू लागले, तर त्यांतील काही जणांना गाव सोडावे लागणार नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी गावात फोन करून पाण्याची आणि वणव्याची स्थिती विचारावी, आणि वनखात्याने प्रवेश बंद केला असेल तर बेत पुढे ढकलावा.